भोंगा वाजवून मोबाईल बंद? आमच्याकडे सात वाजता आईचा फोन येतो

बालाघाट :
'निवांत' यांचा या संकेतस्थळावरचा परवाचा लेख वाचला आणि गप्प बसवेना. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मोबाईलने घरं पोखरली, माणसं बोलेनाशी झाली, पोरं वाया गेली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद राहतात, तसा भोंगा सरकारने प्रत्येक ग्रामपंचायतीला सक्तीचा करावा. जो ऐकणार नाही त्याचे दाखले अडवावेत. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागलीय.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. दिवाळी झाली की इथली गावंच्या गावं ओस पडतात. नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात साखर कारखान्याला जातो, तो मार्च-एप्रिललाच परत. अगदी लहान लेकरं सोबत जातात, शाळेतली आजी-आजोबांकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. आई-बाप पहाटे अंधारात फडात शिरतात. दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणं, आणि गाडी भरायला कधी लागेल त्याचा नेम नाही. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, येऊन चूल पेटवताना जरा उसंत मिळते ती सातच्या आसपास. कोपीत वीज नसते. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर नाहीतर फाट्यावरच्या टपरीत पैसे देऊन चार्ज केलेला फोन तेव्हा लागतो, आणि इकडे पोरगं आजीला खेटून वाट बघत बसलेलं असतं. निवांतसाहेबांचा भोंगा नेमका तेव्हाच वाजणार.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीला अक्षरओळख नाही. नातीने फोनमधल्या प्रत्येक नंबराला फोटो लावून दिलाय: आईचा, मामाचा, टोळी नेणाऱ्या मुकादमाचा. फोटोवर बोट ठेवलं की फोन लागतो, एवढं म्हातारीला पक्कं ठाऊक. पोरगी व्हिडिओ कॉलवर वही कॅमेऱ्यापुढे धरते. आईला वाचता येत नाही, पण लाल शाई कुठे कुठे आहे ते दिसतं, आणि ती तिकडून दरडावते, एवढं लाल कसं काय झालं गं? याला घर मोडणं म्हणायचं का?

माझे आई-वडीलही कोयत्यावर जायचे. गावाकडची खबर यायची ती कारखान्यावर येणारा-जाणारा कुणी भेटला तरच. माझी धाकटी बहीण तापाने गेली, ते आईला कळलं तेव्हा मातीसुद्धा होऊन गेली होती. 'पूर्वी माणसं एकमेकांशी बोलायची' हे वाक्य वाचलं की म्हणून माझं डोकं फिरतं. कोण बोलायचं? ज्यांची माणसं एका छपराखाली होती ते.

निवांत :
गुरुजी, तुमच्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं. पण अपवाद पुढे करून नियम खोडता येत नाही. ऊसतोडीला न जाणारे कोट्यवधी लोक आहेत. आमच्या घरात जेवताना ताटाशेजारी फोन असतो. नातू मान वर न करता जेवतो, काय खाल्लं ते विचारलं तर सांगता येत नाही. मी त्याच्याशी बोलायला गेलो की सूनबाई म्हणते, बाबा, त्याला शांत बसू दे. या शांततेची मला भीती वाटते. समजावून कुणी ऐकत नाही, म्हणून सक्ती म्हणालो.

कृष्णाकाठ :
गुरुजी आणि निवांत, तुम्ही दोघंही वडगावाबद्दल ऐकीव बोलताय. मी त्याच कडेगाव तालुक्यातला. तिथे दाखले अडवण्यावर गाडी चालली नाही. कोविडात शाळा बंद, शिक्षण फोनवर. शाळा उघडल्या तरी पोरांच्या हातचा फोन सुटेना. १४ ऑगस्ट २०२२ ला महिलांची सभा झाली, तिच्यात भोंगा घ्यायचं ठरलं.  आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून सांगत होते. असं फिरणारं कुणी असेल तरच भोंग्याचं नाव घ्यावं.

आता माझं सांगतो. लॉकडाऊनमध्ये पोराच्या ऑनलाईन तासासाठी दोन शेळ्या विकून फोन घेतला. तास संपला की गेम. रात्री गोधडीत उजेड दिसायचा. फोन काढून घेतला तर पोरगं जेवेना, आईच्या अंगावर धावून गेलं. नववीत गणित पार बसलं. तेव्हा गावात भोंगा असता तर निदान 'सगळ्यांचाच बंद आहे' असं सांगता आलं असतं. एकट्या बापाने फोन काढून घेतला की बाप वैरी होतो, अख्ख्या गावाने एकदम ठेवला की कुणीच वैरी होत नाही. हे गुरुजींना कळत नाही असं नाही, पण त्यांना सरसकट विरोधच करायचाय. आणि शिक्षकांनी यात फार बोलू नये. वर्ग चालू असताना फोनमध्ये मान घालून बसलेले गुरुजी मी डोळ्यांनी बघितलेत.

बालाघाट :
बघितले असतील. पुढच्या वेळी जवळ जाऊन बघा त्या फोनमध्ये काय चाललंय. पोषण आहाराची रोजची माहिती, हजेरी, प्रशिक्षणाच्या लिंका, ग्रुपवर साहेबांचा निरोप: 'तासाभरात माहिती द्या, तातडीचे'. फोन माझा, रिचार्ज माझा. त्या वेळात पोरांना पाढे म्हणायला लावावं लागतं याची मला लाज वाटते, पण ते काम मी स्वतःहून मागून घेतलेलं नाही.

तुमच्या पोराचं मात्र मान्य. अख्ख्या गावाने मिळून फोन ठेवला की बापाला बळ येतं, हा मुद्दा मला खोडता येणार नाही. सक्ती नको हे माझं म्हणणं आहे तिथेच आहे.

अंगणवाडीताई :
गुरुजींनी विषय काढलाच आहे तर सांगते, कारण आमचं कुणी ऐकत नाही. गावाला फोन ठेवा म्हणून सांगत फिरायचं आम्हीच, आणि दिवसभर फोन हातात धरायची सक्तीही आमच्यावरच. सरकारने आम्हाला दिलेले फोन दोन जीबी रॅमचे होते. २०२१ मध्ये आहाराच्या नोंदी ठेवायचं पोषण ट्रॅकर अ‍ॅप आलं, ते त्यावर उघडता उघडता अडकायचं, आणि वर इंग्रजीत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी फोन परत केले, मीही केला. त्यावर कारवाईच्या धमक्या आल्या.

आता १ जुलै २०२५ पासून चेहरा दाखवल्याशिवाय घरी न्यायचा आहार द्यायचा नाही. कसं चालतं ते ऐका. आधी बाईची आधारची केवायसी, तिच्या नंबरवर ओटीपी. नंबर नवऱ्याचा, नवरा भिवंडीत कामाला. त्याला फोन लावायचा, तो मशीनवर असतो, उचलत नाही. उचलला तर ओटीपीची मुदत संपलेली. तेवढं झालं की कॅमेरा. ओली बाळंतीण पदर सावरत दारात उभी, मी तिच्या तोंडापुढे फोन धरून म्हणते, ताई डोळे मिटा, उघडा, जरा उजेडाकडे वळा. बाळंतपणात चेहरा सुजलेला असतो, आधारवरचा फोटो लग्नाआधीचा. जुळत नाही. पाकीट माझ्या हातात, बाई समोर, तिचं बाळ मी स्वतः जन्मल्याबरोबर वजन करून नोंदवलेलं, आणि ती कोण आहे हे फोन ठरवणार.

दीड तास फोन बंद ठेवून काय होणार? उरलेले साडेबावीस तास कुणाच्या हुकुमाने चालतात त्यावर लिहा ना निवांतसाहेब.

निवांत :
ताई, तुमचा राग समजतो. पण आहाराची पाकिटं गुरांच्या दावणीत सापडल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. खोट्या नावांवर माल उचलला जायचा. चेहरा पडताळला तर चोरी थांबेल, यात चूक काय?

अंगणवाडीताई :
चोरी माझ्या अंगणवाडीच्या दारात झाली असं तुम्हाला म्हणायचंय का? ठेका, वाहतूक, गोदाम हे सगळं सोडून तपासणी कुणाची, तर मूठभर मानधनावरच्या बाईची आणि बाळंतिणीची. असं बोलण्याआधी एकदा येऊन माझ्याबरोबर पाडे-वस्त्या फिरा.

कोरडवाहू :
ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. आमची ई-पीक पाहणी बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू. पूर्वी पिकाची नोंद तलाठ्याचं काम होतं, आता शेतकऱ्याने बांधावर उभं राहून फोटो काढून अपलोड करायचं. शिवारात रेंज नाही. रेंज आली तर सर्व्हर नाही. माझ्या वडिलांच्या फोनला नुसती बटणं आहेत. दोन वर्षं शेजारच्या पोराच्या फोनवरून नोंद केली, तिसऱ्या वर्षी तो पुण्याला गेला आणि सातबाऱ्यावर पीकपेरा कोराच राहिला. २०२३ च्या खरिपाचं कापूस-सोयाबीनचं अनुदान आलं तेव्हा अट हीच, ई-पीक पाहणी हवी. ओरड झाल्यावर अट सैल केली, पण तोवर माणसं तहसीलच्या पायऱ्या झिजवून थकली होती.

कृष्णाकाठ :
धागा भोंग्याचा आहे, सातबाऱ्याचा नाही. आणि दादा, तलाठ्याच्या काळात घरबसल्या भरलेले पीकपेरे विसरलात का? ऊस उभा असताना ज्वारी लागायची. निदान आता फोटो तरी आहे. माझी नोंद मी स्वतः करतो, कुणाच्या दारात जात नाही.

कोरडवाहू :
तुमच्या बागायती पट्ट्यात रेंज आहे म्हणून. आमच्या माळावर येऊन करून दाखवा.

जुनाबूथ :
सगळे आजचंच बोलताय म्हणून मधे पडतो. मी अपंग कोट्यातून एसटीडी बूथ चालवायचो. मुंबईला पोरगा असलेली बाई रात्री दर उतरायची वाट बघत बाकड्यावर बसायची. मीटरचा लाल आकडा पळताना बघून 'बरं हाय, ठेवते' म्हणून बोलणं अर्धवट टाकायची. ३१ जुलै १९९५ ला देशात पहिला मोबाईल कॉल झाला तेव्हा आम्ही हसलो होतो, मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर, आलेल्या फोनलाही पैसे. कोण घेणार हे? २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि माझा बूथ मेला. माझा धंदा बुडाला तरी त्या बायांचं बोलणं आता तुटत नाही, हे मला चांगलंच वाटतं. फक्त आता इनकमिंगसाठीसुद्धा दर महिन्याला रिचार्ज मारावा लागतो, नाहीतर नंबर बंद. म्हातारीला फक्त ऐकायचं असतं, तरी २०२५ च्या सुरुवातीला नुसत्या बोलण्याचे पॅक येईपर्यंत तिने नेटचे पैसे भरायचे. २०२४ च्या जुलैत दर पुन्हा वाढले. त्यावर कुठली ग्रामसभा ठराव करत नाही.

अंगणवाडीताई :
काका, हेच. आणि गुरुजी, तुम्हालाही विचारते. आजीच्या हातातल्या फोनचं तुम्ही छान लिहिलंत, पण कोपीवर फोन कुणाच्या खिशात असतो? बापाच्या. तो म्हणेल तेव्हा आईला लेकराशी बोलायला मिळतं. २०२५ मध्ये लाडक्या बहिणीची ई-केवायसी निघाली तेव्हा हेच. बाईचा ओटीपी आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार. ज्यांचे दोघेही गेलेत त्या बाया रडत माझ्याकडे यायच्या. शेवटी सरकारला मुदत वाढवून द्यावी लागली, ३१ डिसेंबरपर्यंत.

बालाघाट :
ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. टोळीत बाईच्या नावाचा फोन क्वचितच दिसतो हे खरं आहे. कोयत्याची उचलसुद्धा, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादम नवऱ्याच्याच हातात देतो, दोघांची मजुरी असून. पण म्हणूनच तो सातचा फोन मी सोडणार नाही. तेवढाच तिच्या वाट्याला येतो.

निवांत :
दाखले अडवण्याचं मी मागे घेतो. कृष्णाकाठ म्हणतात तसं सभेतून ठरावं. पण भोंगा हवाच, आणि चर्चा मुद्दाम सरकारी अ‍ॅपकडे वळवली गेली हेही नोंदवून ठेवतो. माझा नातू कुठल्या पोषण ट्रॅकरमध्ये अडकलेला नाही.

कृष्णाकाठ :
आमच्या गावात ठराव आला तर मी हात वर करणार. ज्यांचे आई-बाप बाहेरगावी कामाला आहेत त्यांच्या घरचा फोन चालू राहील, एवढं त्यात लिहून घेऊ. आलेला फोन घ्यायचा, बोलायचं, ठेवायचा. गेम दिसला की सवलत संपली. याच्या पुढे मी सरकणार नाही.

बालाघाट :
लिहून घ्या. आणि एक. आमच्या भागातल्या टोळ्या तुमच्याच शिवारात उतरतात. भोंग्याला लाईन ओढता येते तर कोप्यांजवळ चार्जिंगचा एक बोर्डही लावता येईल.

कृष्णाकाठ :
ते कारखान्याचं काम आहे, ग्रामपंचायतीच्या गळ्यात मारू नका. वीजबिल कोण भरणार यावरून आमच्याकडे आधीच भांडणं आहेत. दिवाळीनंतर टोळ्या आल्या की सरपंचांच्या कानावर घालतो, शब्द देत नाही.