मदत हवी आहे: वर्गात स्मार्ट बोर्ड, पहिलीतली लेक आणि हलणारे डोळे

नमस्कार मंडळी. थोडी लांबण लागेल, पण मागचं-पुढचं सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कळायचा नाही.

माझी मुलगी साडेसहा वर्षांची, यंदा पहिलीत गेली. इथे तिला ठमी म्हणू. तिला जन्मापासून निस्टॅग्मस आहे, म्हणजे बुबुळं सतत डावी-उजवीकडे बारीक हलत असतात. तिला जग हलताना दिसत नाही (हा प्रश्न घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, म्हणून आधीच सांगून टाकते), पण नजर एका जागी ठरत नाही, त्यामुळे बारीकसारीक निसटतं. प्रखर उजेडाचाही त्रास होतो. चष्मा लावून, दोन्ही डोळे मिळून दृष्टी ६/३६. म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला जे छत्तीस मीटरवरून वाचता येतं, ते वाचायला हिला सहा मीटरवर जावं लागतं. नंबर बदलून यात फरक पडणार नाही, हे डॉक्टरांनी ती तीन वर्षांची असतानाच सांगितलंय.

जवळचं मात्र छान दिसतं. पुस्तक नाकाशी धरते आणि घडाघडा वाचते. सासूबाईंना ते बघवत नसे, "लांब धर गं" हा जप चालायचा. शेवटी डॉक्टरांनी त्यांनाच समोर बसवून समजावलं की जवळ धरल्याने डोळे बिघडत नाहीत, तिला तसंच दिसतं. तेव्हापासून त्यांनी आपलं पोथी वाचायचं लाकडी व्यासपीठ तिला देऊन टाकलंय. पुस्तक त्यावर तिरकं ठेवलं की मान मोडत नाही.

आता शाळा. आमची सेमी-इंग्रजी, राज्य मंडळाची. मागच्या वर्षापर्यंत काळा फळा होता. मे महिन्यात संस्थेने प्रत्येक वर्गात पंच्याहत्तर इंची टच पॅनल बसवलं. जुना फळा त्याच्या मागे गेला, दोन्ही बाजूंना वीतभर दिसतो, त्यावर सुविचार आणि पटसंख्या. पहिलीच्या मुलांना रोज तीन-चार तास त्या पॅनलवरच शिकवतात. पांढरीफेक पार्श्वभूमी, त्यावर आकाशी नाहीतर नारिंगी अक्षरं, आणि मधूनमधून नाचणारं माकड.

ठमीला पहिल्या बाकावर बसवलंय, ते चांगल्या हेतूनेच. पण तो बाक डाव्या टोकाला, खिडकीला लागून आहे. घरी आली की डोळे चोळते, डोकं दुखतं म्हणते. बाईंची तक्रार अशी की ती सरळ बसत नाही, तोंड फिरवून बसते, दहा वेळा सांगावं लागतं.

वहीने माझे डोळे उघडले. पॅनलवरून उतरवलेल्या पानात "मंदा" चं "मदा" झालंय, "अंगण" चं "अगण", "चिंच" ची "चिच". सहा ठिकाणी लाल गोल आणि खाली शेरा: निष्काळजीपणा. त्याच संध्याकाळी तेच शब्द मी पुस्तकातून उतरवायला दिले. एकही अनुस्वार सुटला नाही.

दोन्ही पानं घेऊन मुख्याध्यापिकांना भेटले. म्हटलं, पॅनलवर जे दाखवता ते तिला टॅबवर जवळ बघू द्या, टॅब आम्ही आणतो. त्या म्हणाल्या, लहान मुलांच्या हातात स्क्रीन द्यायची नाही असं शाळेचं धोरण आहे. शिवाय २०२० च्या प्रज्ञाता नियमावलीचा दाखला दिला, पहिली ते आठवी दिवसाला पाऊण तासाची दोनच सत्रं वगैरे. अहो, पण ती लॉकडाउनमधल्या ऑनलाइन वर्गांसाठी होती! आणि भिंतीवरची पंच्याहत्तर इंची ती स्क्रीन नाही का? सगळ्या वर्गाला चालते ती स्क्रीन, आणि माझ्या मुलीला जिचा उपयोग आहे ती तेवढी नको. तोंडावर आलं होतं, गिळलं.

खरं सांगायचं तर मीही गोंधळले आहे. घरी आम्ही टीव्ही दिवसाला अर्धा तास, मोबाइल अजिबात नाही असं पाळतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचना ५ ते १० वर्षांसाठी दोन तासांच्या आत म्हणतात. मग मीच टॅब द्या म्हणून भांडायचं का? नवरा म्हणतो, पुस्तकावर भागव. नणंद म्हणते, शाळा बदल.

तर विचारायचंय ते असं. टॅबने हिचे डोळे आणखी बिघडतील का? वर्गात काय बदलून मागावं? आणि शाळेशी वाकडं न घेता हे कसं मागावं? येत्या शनिवारी परत भेट आहे.

---

उन्हाळी पाखरू: ताई, स्क्रीन पूर्ण बंद करा. माझ्या मामेबहिणीच्या मुलाचा नंबर गाजराचा रस आणि त्राटक यांनी गेला. रोज दहा मिनिटं ज्योतीकडे एकटक बघायला लावा.

नेत्रपल्लवी: पाखरू, जिचे डोळे जन्मतःच हलतात तिला एकटक बघायला लावणं म्हणजे लंगड्याला "नीट चाल" म्हणण्यासारखं आहे. गाजर खाऊ द्या, कोशिंबीर छान होते.

धागाकर्त्या ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे दृष्टी तपासून चष्मा ठरवणारी. मुलीला तपासलेलं नाही, म्हणून औषधोपचाराचं काही बोलणार नाही. पण एक सांगा, ती तोंड नेमकं कुठल्या बाजूला फिरवते? दर वेळी त्याच बाजूला का?

धागाकर्ती: हो, नेहमी तोंड उजवीकडे आणि डोळे डाव्या कोपऱ्यात. गोष्ट ऐकताना नाही, काही निरखून बघायचं असलं की. टीव्ही बघतानाही तसंच. आम्हाला वाटायचं लाडात येते.

नेत्रपल्लवी: वाटलंच. लाड नाहीत ते. अशा बहुतेक मुलांना एक दिशा सापडलेली असते जिकडे नजर नेली की डोळ्यांचं हलणं कमी होतं. आम्ही तिला नल पॉइंट म्हणतो. तुमच्या लेकीची ती जागा डावीकडे आहे. तिकडे बघताना तिला सगळ्यांत स्पष्ट दिसतं, म्हणून ती तोंड उजवीकडे नेते. "सरळ बस" म्हणणं म्हणजे तिला "कमी बघ" म्हणणं.

आता तिचा बाक बघा. ती वर्गाच्या डाव्या टोकाला, म्हणजे पॅनल तिच्या उजवीकडे. डोळे डावीकडे ठेवून उजवीकडचं बघायचं, तर तिला मान किती फिरवावी लागत असेल, स्वतः करून बघा. वर खिडकीचा झोत. तिला वर्गाच्या उजव्या अर्ध्या भागात बसवा, पहिल्या किंवा दुसऱ्या बाकावर, मग पॅनल आपोआप डावीकडे येईल. खिडकी पाठीमागे येईल असं बघा. याला एक पैसा लागत नाही. आणि कडेची टोपी वर्गात घालू द्या म्हणावं, गणवेशात बसो न बसो.

अक्षराचा हिशोब देते, शाळेला आकडे दाखवलेले बरे. ६/३६ दृष्टीला तीन मीटरवरून अक्षर जेमतेम ओळखू यायला ते साधारण अडीच सेंटिमीटर उंच लागतं. सलग वाचायचं तर निदान दुप्पट, पाच. हे नुसत्या अक्षराचं झालं. देवनागरीत डोक्यावर टिंब असतं, ते अक्षराच्या आकाराच्या मानाने केवढंसं! ते आधी नाहीसं होतं, म्हणून "मदा". तुमची दोन पानं हा पुरावाच आहे, जपून ठेवा. आता हेच अक्षर वीस सेंटिमीटरवर धरलं तर साडेतीन मिलिमीटरचं पुरतं. टॅब का हवा, ते यात आलं.

टॅबने निस्टॅग्मस वाढत नाही. थकल्यावर, आजारपणात, घाबरल्यावर डोळे जास्त हलतात, ते विश्रांतीने परत कमी होतं. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात, म्हणून मध्येमध्ये थांबवा. स्क्रीनटाइमच्या मर्यादा आहेत त्या मुलांची झोप, खेळ आणि बोलणं स्क्रीनने खाऊ नये म्हणून. पाठ दिसण्यासाठी धरलेला टॅब त्या हिशोबात घालू नका, घरचा अर्धा तास आहे तसाच ठेवा. आणि कुणी "ब्लू कट" (स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणारी) चष्म्याची काच गळ्यात मारत असेल तर पैसे वाचवा. २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) तिने डोळ्यांचा शीण कमी होतो असं काही दिसलं नाही. उजेडाच्या त्रासासाठी टिंटची, म्हणजे रंगछटेची काच वेगळी, ती लो व्हिजन (अल्पदृष्टी) क्लिनिकमध्ये लावून बघून ठरवतात. अशा क्लिनिकला एकदा जाऊनच या.

धागाकर्ती: ब्लू कट आधीच गळ्यात पडलीये. नऊशे रुपये जास्तीचे. असो.

दुसरा बाक: वय ४१, हाच आजार, हीच मान. फळा मला आयुष्यात कधी दिसला नाही. दहावीपर्यंत शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलं. तो ज्या दिवशी गैरहजर त्या दिवशी मीही मनाने गैरहजर. इतिहासाच्या सरांनी "कुणाकडे बघतोस रे चोरा" म्हणून कान पिळला होता, ते अजून आठवतं. आता ऑफिसात मॉनिटर दांडीवर बसवलाय, नाकापर्यंत ओढून घेतो, काळ्यावर पांढरी अक्षरं, दीडपट मोठी. मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, स्क्रीन आली आणि मी वाचायला लागलो.

टॅब मिळाला की पहिले चार दिवस पोरं गराडा घालतील, पाचव्या दिवशी विसरतील. त्याची धास्ती नको. पण ठमीला स्वतःच्या तोंडाने "मला इथून दिसत नाही" म्हणायला शिकवा. मला ते म्हणायला नोकरी लागेपर्यंत वेळ लागला.

खडूफळा: जिल्हा परिषदेत शिक्षक आहे, पॅनल आमच्याकडेही आलंय. बाईंची बाजू सांगतो. त्या पॅनलबरोबर तयार पाठ येतात, माकडासकट. त्याचे रंग शिक्षकाला बदलता येत नाहीत. पण त्यातच कोरा बोर्ड असतो, त्याची पार्श्वभूमी काळी किंवा हिरवी करता येते, पेन जाड आणि पिवळं करता येतं. ब्राइटनेस बहुतेक जणांनी कारखान्यातून आला तसाच शंभरावर ठेवलेला असतो, तो कमी केला तर बाकीची चाळीस पोरंही दुवा देतील. आणि बाईंना एवढीच सवय लावायला सांगा, की जे लिहाल ते मोठ्याने म्हणत लिहा. फुकट आणि फार उपयोगी.

"स्क्रीन कमी करा" म्हणू नका, शाळेने लाखो रुपये घातलेत, सगळे बिथरतात. "तासाच्या आधी ते पान मुलीला द्या" म्हणा. पाठ्यपुस्तकांची पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, ती टॅबवर आधीच घालून ठेवा. यूट्यूबची भीती असेल तर इंटरनेट बंद आणि एकच ॲप पिन करून (म्हणजे स्क्रीनवर अडकवून) द्या, बाहेर पडायला पासवर्ड लावा, मग त्यातून मूल बाहेर पडू शकत नाही. हे मुख्याध्यापिकांना समोर करून दाखवा. निम्मा विरोध तिथेच मावळतो.

आता कागद. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अल्पदृष्टी म्हणजे चांगल्या डोळ्याची, चष्मा लावून, ६/१८ पेक्षा कमी दृष्टी. ठमी त्यात बसते असं दिसतं. जिल्हा शासकीय रुग्णालयात तपासणी करून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. कलम १६ प्रमाणे मान्यताप्राप्त शाळेने अशा मुलाला गरजेप्रमाणे सोयी द्यायच्या असतात, विनाअनुदानित असली तरी. तुमच्या तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना भेटा. मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांची मागणी त्यांच्यामार्फत नोंदवता येते.

पण पहिल्या भेटीत कलम काढू नका. कलम खिशात, तोंडात साखर. अर्ज मात्र लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी ठरलेलं जूनमध्ये वर्गशिक्षिका बदलल्या की संपतं.

उन्हाळी पाखरू: मी आपलं चांगल्यासाठीच सांगितलं होतं.

धागाकर्ती: माहितीये हो, राग नाही. गाजराची कोशिंबीर काल झाली.

शनिवारची हकिकत. मुख्याध्यापिका आणि वर्गशिक्षिका दोघी होत्या. मी बाईंना ठमीच्या बाकावर बसवलं, तोंड उजवीकडे, डोळे डावीकडे ठेवायला सांगितलं आणि म्हटलं, आता पॅनलवरचं वाचा. दहा सेकंदांत त्या उठल्या आणि काही न बोलता दप्तर उचलून उजव्या रांगेत दुसऱ्या बाकावर नेऊन ठेवलं. निष्काळजीपणाच्या शेऱ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही काढलं नाही.

ब्राइटनेस कमी करायचा कसा, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. शिपाईकाकांनी रिमोट शोधून आणला. काळी पार्श्वभूमी मराठी आणि गणिताला करू म्हणाल्या, इंग्रजीच्या बाईंना विचारावं लागेल. टोपीला हो. ॲप पिन करून दाखवलं, मुख्याध्यापिकांनी स्वतः बाहेर पडायचा प्रयत्न करून बघितला, जमलं नाही. तरी टॅबचं "संस्थेला विचारून सांगते" वर अडलंय.

खडूफळा, अर्ज लिहिलाय, सोबत वहीच्या दोन पानांची झेरॉक्स आणि नेत्रपल्लवींचा सेंटिमीटरचा हिशोब. विषय म्हणून "वर्गात टॅब वापरण्यास परवानगी मिळणेबाबत" लिहू की "दृष्टीसाठी आवश्यक साधन वापरण्याबाबत"? दुसरं बरं वाटतंय, टॅब शब्द दिसला की लोक बिचकतात. प्रमाणपत्र यायच्या आधीच अर्ज द्यावा की थांबावं? सोमवारी द्यायचा विचार आहे.

खडूफळा: दुसरं. आणि थांबू नका, डॉक्टरांचा कागद जोडा, प्रमाणपत्र मागाहून द्या. पोच विसरू नका.