गरिबीतल्या बालपणाचं आत्मकथन वाचताना तुमचं काय झालं?

परवा लक्ष्मण माने यांचं 'उपरा' पुन्हा वाचलं. १९८० सालचं पुस्तक. गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडणारं कैकाडी कुटुंब, विणलेल्या टोपल्यांवर चालणारं पोट, आणि त्यातूनच शाळेत जाणारं पोर. दोन दिवस मन थाऱ्यावर नव्हतं. तुमच्याही घरात अशा पुस्तकानं काही हललं असेल तर लिहा, कितीही लहान असो.

*

मी आईला दया पवार यांचं 'बलुतं' वाचून दाखवत होते. ती तांदूळ निवडत होती. भुकेचं वर्णन आलं आणि तिचा हात ताटात तसाच थांबला. म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जायचो. तिथं सुकडी मिळायची. मी माझ्यातली अर्धी फडक्यात बांधून आणायचे, धाकट्याला."

धाकटा म्हणजे माझा मामा. इतक्या वर्षांत हे दोघांपैकी कुणीच बोललं नव्हतं. त्या दिवशी पुढचं पान उलटलंच नाही. आई सांगत राहिली: रेशनवरचा तांबडा मिलो, त्याची थापताना चिरणारी भाकरी, आणि ती खाताना आजीचं दुसरीकडे बघणं. मामाला फोन लावला, तर तो बराच वेळ नुसता "हं, हं" म्हणत राहिला.

*

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा असायचा. कान तुटलेला, मोरीच्या कट्ट्यावर पालथा. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमचं' हे दलित बाईचं आत्मकथन वाचेपर्यंत तो मला कधी खुपला नव्हता. वाचल्यावर घरात भांडले, कप टाकून दिला आणि मावशींना आपल्यातल्या कपात चहा दिला. त्यांनी तो उभ्याउभ्याच प्यायला, विसळला आणि परत कट्ट्यावर पालथा घातला.

*

अशा पुस्तकांना 'प्रेरणादायी' म्हटलेलं मला सहन होत नाही. मी त्यातून गेलोय. शेजारी उसनं पीठ मागायला मलाच पाठवायचे, कारण लहान पोराला कुणी नाही म्हणत नाही. शेजारच्या काकू वाटी शिगोशिग भरायच्या आणि वर बोटानं दाबून आणखी थोडं घालायच्या. ते दाबणारं बोट अजून डोळ्यांसमोर आहे. माझी मुलगी कॉलेजसाठी 'उपरा' वाचतेय. काल तिनं विचारलं, "बाबा, तुमच्याकडे असं होतं का?"

आज रात्री जेवणं झाली की तिला सांगायला बसणार आहे.