मदत हवी आहे: सोलापुरात मोठ्या माणसांसाठी हस्तकलेचा वर्ग (सोमवारच्या आत उत्तर हवं)

निवांत
सोलापुरात मोठ्या माणसांना हस्तकला शिकवणारा वर्ग कुठे आहे? लहान मुलांचे सुट्टीतले छंदवर्ग सांगू नका, ते ढिगाने आहेत. जिथे विचारलं तिथून नकारच आला. विजापूर रोडहून जाण्यासारखं हवं. पैसे भरायचे की नाही हे सोमवारी ठरवायचंय, म्हणून घाई. "गूगल करा" म्हणू नका, करून झालंय.

रेषा
हस्तकला म्हणजे नेमकं काय? क्रोशे, मातीकाम, मॅक्रमे, भरतकाम, सगळंच त्यात येतं. आणि कसले पैसे भरायचेत? वर्गच सापडला नाही म्हणताय ना?

हुरडा
ताई, माझी बायको सात रस्त्याजवळ शिवणकामाला जाते. दुपारी दोन ते चार. सगळ्या बायकाच आहेत, लई चांगलं वातावरण हाय. ब्लाउजपर्यंत शिकवतेत. नंबर देऊ का?

चित्रकलामास्तर
माझं स्पष्ट मत आहे की कुठल्याही हस्तकलेच्या आधी रेखाटन यायला हवं. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणा आणि स्थिरचित्र, संकल्पचित्र, मुक्तहस्त रोज तासभर करा. सहा महिन्यांत हात बसतो. मग शिवा, विणा, काय वाटेल ते करा.

निवांत
शिवण नको. रेखाटन तर नकोच. माग शिकायचाय. हातमाग.

कडकभाकरी
😂 सोलापुरात राहून हातमागाचा क्लास शोधताय?

निवांत
हसा. पण पत्ता सांगा.

कडकभाकरी
...तसा मलाही माहीत नाही.

लाभार्थी
पीएम विश्वकर्मा योजनेत अर्ज करा. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली आहे. 18 व्यवसाय. प्रशिक्षणात रोज 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत. सेवा केंद्रात नोंदणी होते. पुढे पाठवा, गरजूंना उपयोग होईल.

रेषा
लाभार्थी, यादी वाचून टाकत जा हो. त्यात सुतार, कुंभार, शिंपी, न्हावी आहेत, हातमाग विणकर नाहीत. शिवाय ती योजना आधीपासून तो धंदा हाताने करणाऱ्यांसाठी आहे, छंद म्हणून शिकणाऱ्यांसाठी नाही. जनशिक्षण संस्थानाचे वर्ग असतात, पण त्याला वयाची अट 15 ते 45. निवांतताई, वय किती तुमचं? आणि नकार कशामुळे दिला ते सांगितलंत तर पुढचं बोलता येईल.

निवांत
वय 61. नकाराचं कारण सगळीकडे एकच, "वर्ग फक्त महिलांसाठी आहे". मी पुरुष आहे. हे सांगायला लागेल असं वाटलं नव्हतं.

हुरडा
अर्रर्र. काका, माफ करा. तो शिवणाचा नंबर राहू द्या मग.

पूर्वभागवाला
काका, ह्या गावात माग चालवायचं काम आजवर गड्यांनीच केलंय की ओ. आमच्या घरात आजोबा मागावर बसायचे, आजी कांडी भरायची, पोरं सूत उकलायची. आता क्लासवाले म्हणतेत हस्तकला फक्त बायकांची. जुन्या मिलचं मैदान बघून या म्हणावं एकदा, तिथं कोण राबायचं विचारा.

रेषा
तसं नाही दादा. बरेच वर्ग महिलांच्या निधीतून चालतात, शिकवणाऱ्या बाईंच्या हातात नसतं ते. आणि आजी कांडी भरायची त्याची मजुरी कोणाच्या नावावर लागायची, तेही सांगा. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशभरात 35 लाखांच्या आसपास विणकर-कामगार मोजले, त्यात 70 टक्क्यांहून जास्त बायका आहेत.

पूर्वभागवाला
देशाचं असेल. मी आमच्या बोळाचं सांगतोय.

कडकभाकरी
हातमागावरच्या चादरीचं आता काय राहिलंय? पूर्वी एक चादर वीस वर्षं टिकायची. आता बाहेरून नकली माल येतो आणि सोलापुरी म्हणून खपतो. भौगोलिक मानांकन मिळून उपयोग काय?

पूर्वभागवाला
भाऊ, मानांकन चादरीला हाय आणि टॉवेललापण हाय. पण तुमची ती वीस वर्षांची चादरसुद्धा पॉवरलूमवरचीच असणार, जॅकार्ड लावलेली. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, भोक असेल तिथली तार उचलते, तसं फूल उमटतं. हातमागावर आता जे होतंय ते वॉल हँगिंग, तेबी थोडक्या घरात. त्यामुळं काकांना क्लास सापडत नाही ह्यात नवल नाही. घरात शिकायचं काम हाय हे, त्याला कोण पाटी लावतंय?

रेषा
विषयावर या. निवांतकाका, सोमवारचं काय?

निवांत
पुण्यात दोन दिवसांची हातमाग कार्यशाळा आहे. फी साडेपाच हजार, राहणं-जेवण वेगळं. सोमवारी नोंदणी बंद. सोलापुरात सोय होत असेल तर कशाला जायचं?

हौसेनेविणते
मी अशी कार्यशाळा केली आहे. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण ताणा, म्हणजे मागावरच्या उभ्या तारा, आधीच लावून ठेवलेला होता. आम्ही फक्त पायाखालच्या पट्ट्या दाबायच्या आणि आडव्या धाग्याचा धोटा इकडून तिकडे टाकायचा. एक टेबल रनर झाला, फोटो काढले, घरी आले. घरी मागच नाही, पुढे काय करणार! भरा पैसे, पण माग शिकून याल अशी अपेक्षा ठेवू नका.

चित्रकलामास्तर
म्हणूनच म्हणतो, रेखाटन. कागद-पेन्सिल घरी असतेच.

निवांत
माग आहे माझ्याकडे.

रेषा
हे आत्ता सांगताय???

निवांत
त्याच्यासाठीच तर क्लास शोधतोय. एक प्रशिक्षण केंद्र बंद झालं, त्यांच्या जुन्या सामानात मिळाला. टेबलावर ठेवायचा छोटा माग आहे. बाल्कनीत आहे. त्याच्यावर कोणीतरी अर्धवट सोडलेला जुना ताणा आहे, तो कात्रीने कापून साफ करायचा विचार आहे. आज-उद्या करतोच.

इचलकरंजीकर
थांबा! कापू नका. आधी फोटो टाका. मागचा, पुढचा, आणि फणीचा, म्हणजे तारा ओवलेल्या त्या कंगव्यासारख्या पट्टीचा, जवळून.

निवांत
टाकले.

इचलकरंजीकर
छान माग आहे. चार वया आहेत (तारा वर-खाली करणाऱ्या चौकटी), म्हणजे साध्या विणीशिवाय ट्विल, तिरक्या रेघांची वीण, तीसुद्धा निघेल. फणी वरच्या पट्टीशी थोडी गंजली आहे. मऊ ब्रशने घासा, तेल लावू नका, सुताला डाग पडतील.

आता ताणा का कापायचा नाही ते सांगतो. फणीवर 40 कोरलेलं दिसतंय. आपल्याकडे हा आकडा दोन इंचांतल्या घरांचा असतो, म्हणजे इंचाला 20 घरं. फणी साधारण 20 इंच रुंद दिसते. घरटी एक तार धरली तरी 400 तारा झाल्या. प्रत्येक तार आधी वयीच्या डोळ्यातून, मग फणीच्या घरातून ओवायची. आमच्याकडे हे काम करणारे वेगळे असतात, वहिफणी कामगार म्हणतात त्यांना. त्यांचा हात बघाल तर थक्क व्हाल, पण नवख्या माणसाचा याच्यातच जीव जातो, आणि एक तार चुकली की कापडभर रेघ दिसते.

तुमच्या मागावर हे सगळं ओवलेलं आहे. तेव्हा जुना ताणा वयांच्या मागच्या बाजूला, वीतभर शेपूट सोडून कापायचा. वयांतलं आणि फणीतलं सूत तसंच ठेवायचं. नव्या ताण्याची एकेक तार त्या शेपटांना क्रमाने गाठ मारून जोडायची आणि पुढून हळूहळू ओढून घ्यायची. ओवण्याचं काम वाचलं.

आधी एवढंच करा. जुन्या तारा बोटाने ओढून बघा. तुटतात का?

निवांत
डावीकडच्या तुटतात. उजवीकडच्या नाही.

इचलकरंजीकर
डावी बाजू उन्हा-पावसात असेल. तेवढ्याच नव्याने ओवायला लागतील. माग आत घ्या आजच.

पूर्वभागवाला
इचलकरंजीकर बरोबर सांगायलेत. पण काका, हे एकट्यानं होत नाही. एकानं मागून तार द्यायची, दुसऱ्यानं फणीतून हुक घालून ओढायची. तुम्हाला क्लास नकोच, तुम्हाला बाजूला बसणारा माणूस पाहिजे. अशोक चौकाकडं या, तिथून आत कुठल्याबी कारखान्यात विचारा, ताणा भरणारं कोण रिकामं हाय. म्हातारी माणसं हायेत ज्यांनी हातमाग चालवलाय. सुट्टीचा वार धरून घरी न्या.

हौसेनेविणते
भाषेचं काय? तिकडे तेलुगू बोलतात ना?

पूर्वभागवाला
ओ बाई, आमच्या चार पिढ्या सोलापुरात गेल्या. मराठी येतंय की. तार चुकली की शिव्या मात्र तेलुगूत येतील, त्याला इलाज नाही.

चाटीगल्ली
7 ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो, 2015 पासून. त्या सुमारास प्रदर्शनं लागतात, विणकर प्रात्यक्षिकं दाखवतात. तेव्हा ओळखी करून घ्या.

रेषा
त्यांना सोमवारी ठरवायचंय, चाटीगल्ली.

निवांत
सूत कुठलं घ्यायचं? 2/20 चं घेऊन ठेवलंय.

इचलकरंजीकर
पहिल्यांदा ते नको. सुताचा नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. इंचाला 20 तारांच्या हिशोबात 2/20 घेतलंत तर कापड जाळीसारखं विरळ येईल. 2/10, म्हणजे 10 नंबरचं दोन पदरी, घ्या. दोन पदरी असल्यामुळे खळ लावायची गरज नाही. रंगीत नको, कच्चं पांढरं घ्या, स्वस्त पडतं. ताणा पाच मीटरचा पुरे. काढताना तारा एकाआड एक वर-खाली घेऊन फुली पाडायची आणि त्या फुलीत दोन काठ्या अडकवून ठेवायच्या. फुली सुटली की तारांचा क्रम गेला, मग पूर्वभागवाल्यांच्या आजोबांनाही काही करता येणार नाही.

हौसेनेविणते
एक माझ्याकडून. विणताना कापडाच्या कडा आत ओढल्या जातात, माझा रनर मधे कंबरेसारखा झाला होता. आडवा धागा सरळ ताणून ठोकायचा नाही. कमानीसारखा सैल टाकायचा आणि मग ठोकायचा. हे मला तिथे कोणी सांगितलं नाही.

कडकभाकरी
काका, 2/20 चं मी घेतो. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टला लागतंय. पैसे लगेच देतो.

निवांत
न्या. पुण्याचे पैसे भरत नाही. पूर्वभागवाले, अशोक चौकात रविवारी सकाळी आलो तर चालेल? रोज किती द्यायचा?

हुरडा
काका, रिटायर्ड माणसाला प्रेमानं शिकवतील, पैसे कशाला विचारता?

पूर्वभागवाला
असं कसं प्रेमानं? त्यो माणूस तुमच्या दारात दिवसभर मान मोडून बसणार. काका, कारखान्यात ताणा भरायचा जो रोज चालू असेल तो विचारा, त्याच्यावर जाण्यायेण्याचं भाडं द्या. शिकवायचं काम धरून थोडं वरच द्या. आणि रविवारी नका येऊ, कारखाने बंद राहतेत, कोण भेटणार नाही. शनिवारी दुपारी चारनंतर या. चौकात आल्यावर इथं निरोप टाका, मी असलो तर सोबत येतो.

रेषा
निवांतकाका, तो दुसरा माणूस, हुक घालून ओढणारा, ठरलाय का कोणी? नसेल तर मी येते. जुळे सोलापूरला राहते, फार लांब नाही. फक्त डबा आणणार नाही.

निवांत
या. पोहे करतो. पत्ता वेगळ्या निरोपात पाठवतोय.