मदत हवी आहे: वापरलेली एफ-150, 2.7 की 5.0? (उत्तर आजच हवंय)

सोलापुरी_चादर
नमस्कार मंडळी. जुनी फोर्ड एफ-150 पिकअप घ्यायचीय. दोन बघून ठेवल्यात. एक 2018 ची लॅरिएट (भारी मॉडेल), 2.7 लिटरचं इकोबूस्ट, म्हणजे टर्बोवालं इंजिन. दुसरी 2016 ची एक्सएलटी (साधं मॉडेल), 5.0 लिटरचं व्ही8, म्हणजे आठ सिलिंडरचं, बिनटर्बो. किंमत जवळपास सारखीच. ट्रेलर ओढायचाय. डीलर म्हणतो लॅरिएट संध्याकाळपर्यंतच धरून ठेवतो. तेव्हा 'आधी आपली गरज ओळखा' छाप प्रवचन नको, कुठली घेऊ तेवढं सांगा. यूट्यूब बघून डोकं उठलंय.

आठ_सिलिंडर
5.0. विषय संपला. पिकअप म्हणायची आणि आत सहा सिलिंडर?

तिरकस_तात्या
ट्रेलर म्हणजे नक्की काय ओढताय? गवत कापायचं मशीन की घर?

सोलापुरी_चादर
नेहमीचाच हो, कॅम्पिंगचा. छोटाच आहे, 26 फूट.

तिरकस_तात्या
26 फूट छोटा! दादरला याच्यात दोन बिऱ्हाडं राहतात.

मिशिगनवासी
चादरभाऊ, लांबी नको, वजन सांगा. रिकामं नाही, भरून जास्तीत जास्त किती ते. ट्रेलरच्या बाजूला स्टिकर असतो. आणि नेणार कुठे? माणसं किती?

सोलापुरी_चादर
7,000 पौंड लिहिलंय. आम्ही डॅलसला असतो, जूनमध्ये कोलोरॅडोला जायचंय. पण 2.7 चं टोइंग, म्हणजे ओढायची मर्यादा, तर 8,500 पौंड असते ना? मग प्रश्न कुठे आहे?

टर्बोवाला
कोलोरॅडो म्हटलं की संपलं, 2.7 च घ्या. बिनटर्बो इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण 3 टक्के कमी होते. 10,000 फुटांवरच्या घाटात त्या 5.0 ची काय अवस्था होईल याचा हिशोब करा. 2018 च्या 2.7 ला 325 हॉर्सपॉवर आणि 400 टॉर्क (फिरवायचा जोर), तोही खालच्या आरपीएमला. शिवाय 10 गिअर. 2016 ला सगळ्या 6 गिअरच्याच.

आठ_सिलिंडर
ते 10 गिअर फोर्डने जनरल मोटर्सच्या मांडीला मांडी लावून बनवलेत, हे पण सांगा की. दोन टर्बो, इंटरकूलर, शंभर पाइप. जितकी यंत्रं तितके खर्च. 5.0 साधं, सरळ, आवाज तर ऐका एकदा.

टर्बोवाला
आवाज ऐकायला पिकअप कशाला, ढोलपथकात जा. 2.7 चा ब्लॉक कॉम्पॅक्टेड ग्राफाइट आयर्नचा, म्हणजे खास मजबूत ओतीव लोखंडाचा आहे, साधा अल्युमिनियमचा नाही. बजेट असेल तर खरं तर 3.5 इकोबूस्टच बघा.

मिशिगनवासी
वापरलेली 2017 ते 2020 मधली 3.5 घ्यायची तर थंड इंजिन स्वतः चालू करून ऐका. कॅम फेझरचा (व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या पार्टचा) खडखडाट हा त्या इंजिनाचा माहीत असलेला रोग आहे, फोर्डने नंतर सुधारित पार्टही काढला. पण चादरभाऊंनी 3.5 विचारलेलीच नाही. माणसं किती, ते अजून कळलं नाही.

पमाकाकू
माझं ऐका, टोयोटाची टुंड्रा घ्या. आमच्या ह्यांनी घेतलीय, डोकं शांत.

रसायनशास्त्री
एक मूलभूत मुद्दा सगळे विसरताय. 2015 पासून एफ-150 ची बॉडी अल्युमिनियमची आहे. चुंबक चिकटवून बघा, पडेल. खाली फ्रेम स्टीलची. दोन धातू एकत्र, त्यात मीठ-पाणी. पुढे काय होतं ते शाळेत शिकलोय आपण.

मिशिगनवासी
शाळेतलं फोर्डच्या लोकांनाही माहीत होतं. दोन्ही धातूंच्या मध्ये कोटिंग, सांधे रिव्हेट आणि गोंदाने जोडलेले, स्पॉट वेल्डिंग जवळपास नाहीच. जानेवारी 2014 ला डेट्रॉइटच्या शोमध्ये दाखवली तेव्हा इथे सगळे हेच बोलत होते. पण त्यामुळेच वजन 700 पौंडांपर्यंत उतरलं. खरी अडचण दुरुस्तीची. अल्युमिनियमची बॉडी ठोकायची हत्यारं वेगळी, जागा वेगळी, प्रत्येक गॅरेजकडे ती सोय नसते. जुनी घेताना कुठे ठोकलेली आहे का आणि कोणी दुरुस्त केली, ते जरूर विचारा.

चिखलठाणकर
हे रिव्हेटचं तंत्र फोर्डने आधी जॅग्वारच्या एक्सजेवर वापरलं होतं, 2003 च्या सुमारास. तेव्हा जॅग्वार फोर्डकडे होती. 2008 ला ती टाटांनी घेतली. म्हणजे एका अर्थी...

तिरकस_तात्या
म्हणजे एका अर्थी एफ-150 पिंपरीची. बरं.

चिखलठाणकर
तसं म्हणालो नाही. पण भारतात एखादी मोठी पिकअप यायला हवी यार. फोर्डने तर 2021 ला इथला कारखानाच बंद करायचा निर्णय घेतला.

आठ_सिलिंडर
शेवरोलेने 2016 ला जाहिरात केली होती, एफ-150 च्या अल्युमिनियमच्या हौद्यात दगडी ठोकळे ओतले आणि भोकं पाडून दाखवली. नंतर त्यांच्याच 2019 च्या सिल्व्हराडो पिकअपला दारं आणि बॉनेट कशाचे? अल्युमिनियमचे!

सोलापुरी_चादर
अहो मंडळी, धागा माझा आहे. सहा माणसं. मी, बायको, दोन पोरं, आणि आई-बाबा येताहेत सांगलीहून. डीलरचा फोन येऊन गेला. 2.7 की 5.0?

मिशिगनवासी
आता बोललात. लॅरिएटला पुढे दोन सीटच्या मध्ये मोठा कन्सोल आहे का? असेल तर पट्टे पाचच. सहावा माणूस ट्रेलरमध्ये बसवता येत नाही.

आणि 8,500 विसरा. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर, पट्ट्याच्या खांबापाशी पिवळा-पांढरा स्टिकर आहे. त्यावर लिहिलंय, माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको. तो आकडा इथे टाका. दोन्ही गाड्यांचा.

सोलापुरी_चादर
डीलरकडेच उभा आहे. कन्सोल आहे. च्यायला. स्टिकर 1,430. वर काचेचं मोठं छत आहे, बायकोला तेच आवडलं. एक्सएलटीवाल्याला फोन केला, पुढे बाकडं सीट आहे, 1,720 म्हणाला.

मिशिगनवासी
ते छत, गरम-गार सीटा, सगळ्याचं वजन याच आकड्यातून जातं. म्हणून भारी मॉडेलचा पेलोड, म्हणजे गाडीवर लादायची मर्यादा, कमी.

आता हिशोब. 7,000 च्या ट्रेलरचं नाक हिचवर (गाडीमागच्या जोडणीवर) साधारण 13 टक्के दाबतं, म्हणजे 900 च्या आसपास. वजन वाटणारा हिच घ्याल, तो स्वतः 100 पौंडांचा. 1,430 मधून हजार गेले, उरले 430. तुम्ही चौघं धरा 480. गाडी इथेच ओव्हरलोड, अजून कूलरही चढलेला नाही.

टर्बोवाला
पण वजन वाटणाऱ्या हिचमुळे भार पुढच्या चाकांवर जातो ना.

मिशिगनवासी
जातो, थोडा ट्रेलरच्या चाकांवरही. स्टिकरवरचा आकडा त्याने वाढत नाही. ओढायची ताकद 2.7 मध्ये आहे, ती मी नाकारतच नाही. उचलायची क्षमता या लॅरिएटमध्ये नाही. इंजिनावर भांडताय सगळे, दम तोडेल ती मागची स्प्रिंग.

आठ_सिलिंडर
थोडक्यात 5.0. मी पहिल्याच प्रतिसादात म्हणालो होतो.

मिशिगनवासी
इंजिनामुळे नाही, स्टिकरमुळे. आणि 1,720 मध्येही सहा जण, ट्रेलर आणि हिच धरून साठेक पौंड कमीच पडतात. आई-बाबांना विमानाने डेन्व्हरला उतरवा, किंवा ट्रेलर अर्धा रिकामा न्या. निघण्याआधी ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर सगळं भरून एकदा चढवा, दहा-पंधरा डॉलर लागतात.

पमाकाकू
गॅरेजची खोली मोजली का? चार दारांची आणि साडेपाच फुटी हौद्याची ही गाडी 19 फुटांच्या वर आहे. आमच्याकडे फ्रीजर बाहेर काढावा लागला होता.

सोलापुरी_चादर
लॅरिएट सोडली. डीलर तोंड वाकडं करून बसलाय. एक्सएलटी उद्या सकाळी बघतो, स्टिकरचा फोटो टाकतो. बाबा म्हणतात विमान नको, गाडीतूनच यायचंय. सहा जण नेणारच. 3.73 चा ॲक्सल (मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो) असला तर पेलोड वाढतो का?

मिशिगनवासी
नाही. त्याने ओढायची मर्यादा वाढते, पेलोड नाही. ट्रेलरची पाण्याची टाकी रिकामी ठेवा आणि कोलोरॅडोत पोचून भरा. गॅलनमागे 8 पौंड असतात.

रसायनशास्त्री
8.34.