मदत हवी आहे: लुटुपुटूच्या हॉकी लिलावात ज्युनियर कोण घ्यावा?

मंडळी, भुसावळात आम्ही मित्र हॉकी इंडिया लीगसारखा खोटा लिलाव करतोय. नियम 2024 च्या लिलावाचेच: संघात 24 जण, त्यात 8 परदेशी, 16 भारतीय आणि त्यांतले किमान 4 ज्युनियर. घोडं अडलंय ते या चौघांवर.

आमच्यातले दोघे हट्टाला पेटलेत, की सगळा पैसा ड्रॅगफ्लिकरवर (पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे फाऊलबद्दल मिळालेल्या गोलच्या संधीत, स्टिकने बॉल खेचून गोलात भिरकावणारा) लावायचा. दाखला तयारच असतो: त्या लिलावात हरमनप्रीत सिंग 78 लाखांना गेला, सगळ्यांत महाग! अरे, पण तो हरमनप्रीत, भारतीय संघातला मुरलेला फ्लिकर. पोरसवदा फ्लिकर घेतला आणि पेनल्टी कॉर्नरला इंजेक्शन (गोलरेषेवरून ढकललेला पहिला पास) वाकडं आलं, तो अडवणाऱ्या स्टॉपरच्या स्टिकवरून बॉल उडाला, तर तो काय करणार? नुसता बघत उभा राहील.

माझं मत गोलकीपर आणि पळणारा मिडफिल्डर. गोलकीपर स्वस्तात मिळतो, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. (हरणाऱ्याने बामणोदच्या वांग्यांची भरीत पार्टी द्यायची ठरलीय, म्हणून एवढा जीव टांगणीला.)

ज्युनियर सामने नेमाने बघणाऱ्यांनी सांगा: चारपैकी एक जागा गोलकीपरला देणं परवडेल का? आणि फ्लिकर घ्यायचाच, तर त्याचा बचावातला खेळ कसा पारखायचा?