एगॉन म्युलरचं १९८३: खरं वर्ल्ड टायटल की घरच्या मैदानावरची लॉटरी?

फटफटीवाला:
काल रात्री जुन्या स्पीडवेच्या (मातीच्या छोट्या अंडाकृती ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यती) क्लिपा बघत बसलो आणि परत तोच किडा वळवळला. जर्मनीला स्पीडवेचा वैयक्तिक वर्ल्ड चॅम्पियन आजवर एकच, कीलचा एगॉन म्युलर, १९८३ साली, आणि तोही नॉर्डेनला म्हणजे स्वतःच्याच देशात. माणूस मुळात लाँगट्रॅकचा (तसाच खेळ, पण लांब ट्रॅकवर), तिथे १९७४, ७५ आणि ७८ असा तीनदा वर्ल्ड चॅम्पियन, त्याला दंडवतच. पण स्पीडवेत काय, घरची माती, घरचं पब्लिक, आणि तेव्हा फायनल एका दिवसात उरकायची. एक दिवस जमून आलं झालं. ग्रेट वगैरे म्हणणं जरा जास्तच होतंय.

आडवंचाक:
जमून आलं?? १५ पैकी १५ काढलेत राव त्याने! १६ जण, २० हीट्स (छोट्या शर्यती), एका हीटला चौघं, चार लॅप, पहिल्याला ३ पॉइंट, मग २, १ आणि शेवटच्याला भोपळा. प्रत्येकाला पाच हीट्स, आणि वेळापत्रक असं बसवलेलं असतं की बाकीचे पंधराच्या पंधरा एकेकदा तुमच्यासमोर येतात. म्हणजे त्या दिवशी आलेल्या एकूण एकाला त्याने मागे टाकलं. दुसरा बिली सँडर्स, तो १२ वर अडकला. लॉटरी ओळीने पाचदा लागते होय?

फटफटीवाला:
आकडे मान्य. पण ब्रूस पेनहॉल कुठे होता? ८१ आणि ८२ चा चॅम्पियन, लॉस एंजेलिसला जिंकला आणि रेसिंग सोडून टीव्ही सिरीयलमध्ये निघून गेला. गादी रिकामी होती म्हणून बसायला मिळालं.

ब्रेमेनची_भाकरी:
रिकाम्या गादीवर बसायला बाकीचे पंधरा पण आलेच होते की 😄

मी काही वर्षं इकडे जर्मनीतच आहे, शेसेलला लाँगट्रॅक बघितलंय, कपडे दोनदा धुतले तरी माती निघेना. ब्रेक दोन्हीकडे नाहीत, इंधन दोन्हीकडे मिथेनॉल, पण गाडी वेगळी आणि डोकंही वेगळं लागतं. लाँगट्रॅकला हजार मीटरपर्यंतचा ट्रॅक, सरळ पट्ट्यावर फुल थ्रॉटल. स्पीडवेला ट्रॅक एवढुसा, एकच गिअर, आणि स्टार्टला मागे राहिलात तर पुढच्याची माती खात बसा. एकात भारी म्हणजे दुसऱ्यात आपोआप भारी असं होतच नाही. सायमन विग पाचदा लाँगट्रॅक चॅम्पियन, कार्ल मायर चारदा, स्पीडवेचं वर्ल्ड टायटल दोघांनाही नाही. दोन्ही जिंकणाऱ्या मोजक्या लोकांत आयव्हन मॉगर, त्याच्या पंगतीत म्युलर बसतो. एवढं पुरत नाही का?

पावशेर_पेट्रोल:
मॉगरची सहा आहेत स्पीडवेची, पंगत तीच असली तरी पाट वेगळा हो. आणि म्युलर ७६ ला इंग्लंडमध्ये हल क्लबकडून खेळला खरा, पण दरवर्षी ब्रिटिश लीगमध्ये घासणारी मंडळी वेगळी. तिथे मी फटफटीवाल्याच्या बाजूने. (गाण्याच्या रेकॉर्डी पण काढल्यात त्याने, त्याचे मार्क कुणी धरणार का?)

आडवंचाक:
गाण्याचे शून्य 😂 पण मार्टिन स्मोलिन्स्कीला पण हेच ऐकवणार का? २०१४ ला न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला स्पीडवे ग्रांप्री (एका दिवसाच्या फायनलऐवजी आलेल्या वर्ल्ड टायटलच्या मालिकेतली एक फेरी) जिंकला, असं करणारा पहिला जर्मन. ऑकलंड काही त्याचं अंगण नव्हे. आणि २०१८ ला लाँगट्रॅक वर्ल्ड चॅम्पियन.

फटफटीवाला:
स्मोलिन्स्की मधे आणू नका, तो मला आवडतो. बरं, लॉटरी शब्द मागे घेतो. पण हीच फायनल पोलंडला असती तर पंधरा निघाले असते का, तेवढं सांगा.

ब्रेमेनची_भाकरी:
तेरा. आणि तेरा म्हणजे पण सँडर्सपेक्षा एक जास्तच.