मॅट्रिजेलवर ह्युवेकचं जाळं होत नाही, सकाळी नुसत्या गुठळ्या

पेशीवाली: पीएचडीचं दुसरं वर्ष. हळदीतल्या कर्क्युमिनमुळे नव्या रक्तवाहिन्यांचे कोंब फुटणं थांबतं का, ते बघतेय. 96 वेलची (छोट्या खळग्यांची) प्लेट, प्रत्येक वेलमध्ये 50 मायक्रोलिटर मॅट्रिजेल (गार असताना पातळ, ऊब लागली की घट्ट होणारं जेल), वर 15,000 ह्युवेक (नाळेच्या शिरेच्या अस्तरातल्या पेशी), पॅसेज 8, म्हणजे आठ वेळा नव्या भांड्यात वाढवलेल्या. मॅट्रिजेल ऐनवेळी आठवतं, म्हणून टेबलावरच वितळवते. संध्याकाळी सहाला पेशी टाकते, सकाळी दहाला फोटो. औषध न घातलेल्या वेलमध्येसुद्धा तुटके धागे आणि कडेला गुठळ्या. तीनदा हेच झालं. काय चुकतंय?

निळा_मीडिया: पॅसेज 8 फार झाला. आम्ही 5 च्या पुढे हा प्रयोग लावतच नाही.

नाळेपासून: पॅसेजचं बरोबर आहे, पण आधी घड्याळ बघ. सोळा तासांनी तू जे बघतेस ते मोडलेलं जाळं असू शकतं. चौथ्या, सहाव्या आणि आठव्या तासाला फोटो काढ. पेशी सकाळी आठला टाक, म्हणजे दिवसाउजेडी सगळं डोळ्यांसमोर घडेल. चौथ्या तासाला पेशी लांबट होऊन एकमेकींना टोकं लावताना दिसतात. मी अजूनही त्या वेळी मायक्रोस्कोपपासून हलत नाही.

मॅट्रिजेल रात्रभर फ्रीजमध्ये, बर्फात रुतवून वितळव. टिप्स आणि प्लेटही गार हव्यात. टेबलावर ते बाहेरून उबेने घट्ट व्हायला लागतं आणि आत बर्फ राहतो. मग वेलमध्ये गाठी पडतात. कडेला जेल वर चढतं, पेशी तिथे जमतात, म्हणून मोजणी फक्त मधल्या भागाची. ट्रिप्सिननंतर (भांड्याला चिकटलेल्या पेशी सोडवणारं विकर) पेशी सुट्या झाल्यात का, तेही बघून घे.

कर्क्युमिन स्वतःच हिरवं चमकतं. कॅल्सीन (जिवंत पेशी हिरव्या दाखवणारा रंग) लावणार असशील तर पेशी न घातलेली, फक्त औषधाची एक वेल हवीच. शिवाय सीरम नसलेल्या मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात) ते भराभर विघटित होतं, तेव्हा ताजं बनव. आणि औषधाने पेशी मरत नाहीयेत ना, हे वेगळं तपास. मेलेल्या पेशीही जाळं करत नाहीत.

मी सुरुवातीला पेशी नाळेतूनच काढायचे. 1973 साली जॅफे आणि सहकाऱ्यांनी दाखवलेली तीच रीत: शीर धुवायची, कोलॅजिनेज (पेशी सुट्या करणारं विकर) भरायचं, दोन्ही टोकं चिमट्यांनी बंद करायची, 37 अंशांवर काही मिनिटं, मग हलक्या हाताने चोळायचं. बाळंतिणीने सही करून दिलेली नाळ असायची. एक वेलसुद्धा वाया गेली की जिवाला लागायचं.

म्हणून एक कळकळीने सांगते: प्रबंधात ‘रक्तवाहिनी तयार झाली’ असं लिहू नकोस. मॅट्रिजेल हे उंदराच्या गाठीतून काढलेलं लॅमिनिन आणि कोलॅजेन, म्हणजे प्रथिनं. त्यावर फायब्रोब्लास्टही (जोडऊतीतल्या पेशी, रक्तवाहिनीच्या अस्तराच्या नव्हेत) जाळं करतात, म्हणजे जाळं दिसलं की रक्तवाहिनी झाली असं नाही. खऱ्या रक्तवाहिनीसारखी आतली पोकळी दाखवायची असेल तर ह्युवेक लावलेले बारीक मणी फायब्रिनमध्ये (रक्ताच्या गुठळीतल्या प्रथिनाच्या जेलमध्ये) रुतव, वर फायब्रोब्लास्ट पसर. आठवडाभर लागतो, पण कोंब फुटतात आणि पोकळीही दिसते.

पेशीवाली: ताई, काल पॅसेज 4 घेतला, मॅट्रिजेल परवा रात्रीच बर्फात ठेवलं होतं. सहाव्या तासाला मधोमध पूर्ण जाळं! रात्री दहाला परत बघितलं तर दोन धागे तुटले होते. मण्यांच्या प्रयोगात मीडिया किती दिवसांनी बदलायचा?

नाळेपासून: एक दिवसाआड. वरचे फायब्रोब्लास्ट उचलले जाऊ देऊ नकोस, पिपेट भिंतीला टेकवून सोड.